बिल टर्बोचे, बिघाड कॉइलचा

माझी चार सिलिंडरची टर्बो पेट्रोल गाडी शहरात सुरळीत चालत असे. मात्र कात्रजच्या घाटात अ‍ॅक्सिलरेटर दाबला की इंजिन मिसिंग मारू लागे, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न जळल्याने अडखळू लागे, आणि इंजिनचा पिवळा दिवा लुकलुकू लागे. पुण्यातल्या एका गॅरेजमध्ये बिघाडाचा कोड वाचणारा स्कॅनर जोडला गेला, पण त्याचा पडदा मला दाखवला नाही. ‘साहेब, टर्बो गेला. म्हणून तर चढावरच अडखळते,’ असे सांगून नव्या टर्बोचे आणि प्लगचे मिळून ६२ हजार रुपये घेण्यात आले.

हे कारण ऐकायला पटण्यासारखे असते, आणि फसवणूक नेमकी तिथेच आहे. टर्बो चारही सिलिंडरना हवा पुरवतो. तो कमजोर झाला तर गाडीचा पिकअप सरसकट पडतो, एकट्या सिलिंडरचे मिसिंग सहसा होत नाही. उलट टर्बोच्या दाबाखाली सिलिंडरमधली हवा दाट होत असल्याने ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागते, म्हणून कमजोर इग्निशन कॉइल (प्लगला ठिणगीसाठी व्होल्टेज पुरवणारा भाग) सपाटीवर निभावून नेते आणि चढावर हात टेकते. नवे प्लग बसवल्यावर त्यांच्यातली फट कमी असते, कॉइलवरचा ताण काही काळ हलका होतो, आणि ‘दुरुस्ती’ लागू पडल्यासारखी वाटते.

घाटात पुन्हा तेच झाल्यावर दुसऱ्या मेकॅनिकने माझ्यासमोर कोड वाचला: पी०३०३, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरमध्ये मिसिंग. त्याने तिसरी आणि दुसरी कॉइल आपसात बदलली, कोड पुसला आणि मला शेजारी बसवून गाडी चढावर नेली. आता कोड आला पी०३०२. दोष कॉइलबरोबर सरकला होता. या तपासणीला सुटा भाग लागत नाही, आणि पहिल्या गॅरेजमध्ये ती झालीच नव्हती. नाना पेठेतून आणलेली कॉइल अडीच हजारांच्या आत मिळाली.

मग त्याने टॉर्चच्या उजेडात टर्बो दाखवला. उष्णतारोधक पत्र्यावर जुन्या धुळीचा थर जसाच्या तसा होता आणि नटांवरच्या गंजाला पाना लागल्याची एकही खूण नव्हती. टर्बो बदलणे दूरच, तो उघडलाही नव्हता!

दिवा लुकलुकत असताना गाडी रेटू नये, कारण न जळलेले पेट्रोल धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जळून तो निकामी होऊ शकतो. कोडचा फोटो मात्र तो पुसण्याआधीच काढावा, कॉइल बदलून पाहिल्याशिवाय टर्बोला होकार देऊ नये, आणि काढलेला भाग त्याच दिवशी ताब्यात घ्यावा. माझा ‘जुना टर्बो’ मागितल्यावर तो भंगारात गेल्याचे सांगण्यात आले. बिलावर ना सुट्या भागाचा क्रमांक होता, ना जीएसटी क्रमांक.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ वर, मी तक्रार नोंदवली आहे. जिल्हा ग्राहक आयोगात जाण्यासाठी दोन वर्षांची मुदत असते. त्या अर्जाला नटांचे फोटो, दोन्ही कोड आणि दुसऱ्या मेकॅनिकचा लेखी अहवाल जोडणार आहे.