बे-लीफ फार्महाउस: धुराडे नसलेले ओकचे घर

इंग्लंडच्या वेस्ट ससेक्समधील सिंगलटन येथील वील्ड अँड डाउनलँड लिव्हिंग म्यूझियममध्ये जुन्या घरांचा मोठा संग्रह आहे. परंतु वेळ थोडा असेल, तर तो सगळा ‘बे-लीफ’ या एकाच शेतघरात घालवावा. हे घर मुळात तेथले नाही. ते केंटमधील चिडिंगस्टोनच्या परिसरात होते आणि बाउ बीच जलाशयात ती जागा जाणार म्हणून १९६८-६९ मध्ये ते उतरवून घेण्यात आले. पाडले नाही, उतरवले. कारण त्याचा ओकचा सांगाडा मुळातच सुटा होऊ शकेल असा आहे. एका लाकडाचे टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवून आरपार ओकचीच खुंटी ठोकायची, ही त्या सुतारांची रीत होती. दोन्ही लाकडांतली भोके ते मुद्दाम किंचित चुकवून पाडत, त्यामुळे खुंटी आत जाताच सांधा आवळला जाई. लाकूड ओले असतानाच घडवत. ते नंतर वाळून वाकले, तरी सांधे धरून राहत.

घर समोरून पाहण्यात खरी मौज आहे. दोन्ही टोकांचे वरचे मजले पुढे झुकलेले आहेत आणि मधला दिवाणखाना मागे राहिला आहे. छप्पर मात्र तिन्हींवर एकच. त्यामुळे मधल्या भागापुढे वळचणीची तुळई अधांतरी राहते आणि तिला दोन बाजूंनी वाकडे टेकू दिलेले दिसतात. केंट-ससेक्सच्या ‘वील्डन’ पद्धतीच्या घराची हीच ओळख. खांबांमधल्या भिंती कुडाच्या आहेत, त्यांवर मातीचे लिंपण आहे.

आत मात्र डोळ्यांना सरावायला वेळ लागतो. दिवाणखान्याला वरचा मजला नाही, नजर थेट वाशांपर्यंत जाते. जमिनीवर मधोमध शेगडीची जागा आहे आणि धुराडे नसल्याने धूर छपरातूनच वाट काढी. खिडक्यांना काच नाही, उभे लाकडी गज आणि झडपा आहेत. म्हणजे उजेड हवा असेल, तर थंडीही सोसायची! एवढ्या भव्य खोलीत इतकी अडचण का सोसली असेल, हे पाहुण्याच्या जागी उभे राहिल्यावर उमगते: ही उंची राहण्यासाठी नव्हे, ऐपत दाखवण्यासाठी आहे. निजण्या-बसण्याच्या खासगी खोल्या घराच्या एका टोकाला असून त्या १५०५-१०च्या सुमाराच्या आहेत, तर दिवाणखाना आणि कोठीच्या खोल्यांचे टोक १४०५-३०च्या दरम्यानचे. सलग भासणाऱ्या घराच्या दोन टोकांत पाऊणशे वर्षांहून अधिक अंतर आहे. माडीवरचा भिंतीबाहेर काढलेला शौचकूप मुलांना दाखवायला विसरू नये.

मांडणीविषयी माझा एक आक्षेप आहे. हे घर १५४०च्या सुमाराचे म्हणून उभे केले असून सामानही त्या काळच्या वस्तूंबरहुकूम नव्याने घडवलेले आहे. नंतरच्या पिढ्यांनी केलेले बदल वगळले आहेत. त्यामुळे वास्तूची मूळ रचना विलक्षण स्पष्ट कळते, हे मान्य. पण त्यानंतरची चार शतकेही या घरात माणसे राहिली, याचा मागमूस लागत नाही. तरीही दिवस ढगाळ असेल तर अवश्य जावे, आणि झडपा निम्म्या मिटलेल्या असताना दिवाणखान्यात थोडा वेळ नुसते बसावे.