व्हेंचर कॅपिटल: थेट फंडात, की आधी स्टार्टअपमध्ये?

व्हेंचर कॅपिटल म्हणजे स्टार्टअपमध्ये, म्हणजे नव्या वाढत्या कंपन्यांमध्ये, पैसे गुंतवणारे फंड. या क्षेत्रात यायचं तर सीए किंवा एमबीए करून थेट फंडात अ‍ॅनालिस्ट व्हायचं, की आधी स्टार्टअपमध्ये काम करून मग गुंतवणुकीकडे वळायचं? सोलापूरच्या मुलामुलींना मी दुसरी वाट सुचवेन.

पहिल्या वाटेवर कंपन्यांचे हिशेब तपासणं, बाजाराचा अभ्यास, गुंतवणुकीची टिपणं लिहिणं लवकर शिकता येतं. पण जागा थोड्या. फंड गुंतवणूकदारांच्या रकमेवरच्या साधारण २ टक्के वार्षिक शुल्कावर चालतो, म्हणून टीम लहान असते. बरीच भरती ओळखीतून होते, तीही मुंबई-बंगळुरूसारख्या मोठ्या शहरांत. नफ्यातला साधारण २० टक्के वाटा मुख्यतः भागीदारांकडे जातो, आणि त्यासाठीही आठ-दहा वर्षं थांबावं लागतं.

दुसरी वाट लांबची आहे, पण तिथे धंदा आतून कळतो. आपल्याकडे टॉवेल, चादरी आणि गणवेशाचे कारखाने आहेत. सुताचा भाव वाढला की ऑर्डरचं काय होतं, उधारी किती महिने अडकते, कारखानदार नवं सॉफ्टवेअर का घेत नाही, हे इथल्या मुलांनी घरात ऐकलेलं असतं. अशा उद्योगांसाठी काम करणाऱ्या स्टार्टअपमध्ये विक्री किंवा प्रॉडक्टची जबाबदारी घ्या. संस्थापकाशी बोलताना ही समज लगेच दिसते आणि ती नुसत्या एक्सेलमधून मिळत नाही.

सीए आधीच झालं असेल, तर मात्र पहिली वाट सोडू नका. अर्जासोबत एखाद्या क्षेत्रावर स्वतः लिहिलेलं दोन पानी टिपण जोडा.