हेलिकॉप्टरच उडवायचंय, मग आर्मी की एअर फोर्स?

आम्ही नाशिकरोडचे. इथल्या गांधीनगरच्या आर्मी तळावरून उठलेलं चित्ता हेलिकॉप्टर डोक्यावर आलं की फोनवरचं बोलणं थांबवावं लागतं. बारावीतली भाची मात्र तेव्हाच गॅलरीत धावते. एनडीएचा, म्हणजे बारावीनंतर सैन्यात अधिकारी होण्याच्या परीक्षेचा, फॉर्म भरताना तिने विचारलं, "मामा, पहिला पसंतीक्रम कुठला टाकू?"

एअर फोर्समध्ये तुम्ही आधी पायलट होता, हेलिकॉप्टरचं नंतर ठरतं. डुंडिगलच्या एअर फोर्स अकादमीत पिलाटस या शिकाऊ विमानावरचा पहिला टप्पा झाला की फायटर, ट्रान्सपोर्ट, हेलिकॉप्टर अशी वाटणी होते. पसंती विचारतात, पण चालतं ते गुणक्रमाचं आणि दलाच्या गरजेचं. हेलिकॉप्टर मिळालं तर पुढचं प्रशिक्षण हकीमपेटला.

आर्मी एव्हिएशनमध्ये, म्हणजे आर्मीच्या स्वतःच्या उड्डाण शाखेत, उडायचं म्हणजे हेलिकॉप्टरच, तिथे फायटर नाही. पण आधी फौजी, मग पायलट. कॅप्टन अभिलाषा बराक यांचंच बघा. मे २०२२ मध्ये त्यांना आमच्या गांधीनगरच्या आर्मी एव्हिएशन स्कूलमध्ये विंग्ज, म्हणजे पायलटचा बिल्ला, मिळाले आणि त्या आर्मी एव्हिएशनच्या पहिल्या महिला लढाऊ वैमानिक झाल्या. २०१८ मध्ये त्यांचं कमिशन झालं होतं ते आर्मी एअर डिफेन्समध्ये, म्हणजे शत्रूची विमानं पाडणाऱ्या शाखेत.

मशिनांचा मोह असेल तर एअर फोर्सचं पारडं सरळ जड आहे: एमआय-१७, चिनूक, अपाची, प्रचंड. आर्मीकडे चित्ता, चेतक, ध्रुव, रुद्र, प्रचंड आहेत. अपाची जुलै २०२५ मध्ये यायला लागली. जड ओझी उचलायची तर एअर फोर्सच.

सियाचिन मात्र दोघांच्याही वाट्याला येतं. विरळ हवेत चित्ता फार काही उचलू शकत नाही. सर्वांत उंच चौक्यांवर एका खेपेत जेमतेम एखादा रॉकेलचा जेरीकॅन जातो. इंजिन बंद करायचं नाही, कारण पुन्हा सुरू होईल याची खात्री नसते. जवान वाकून येतात, सामान ओढून घेतात, की लगेच परत. चार खोल्यांच्या गच्चीएवढ्याही नसलेल्या जागेवर हे चालतं.

आता कमांडर होण्याचं. एअर फोर्समध्ये फाली मेजर (मेजर हे आडनाव, हुद्दा नव्हे) यांचं उदाहरण डोळ्यासमोर ठेवा. ऑक्टोबर १९९२ मध्ये हिमाचलमधल्या परवाणूच्या टिंबर ट्रेल रिसॉर्टला रोपवेची केबिन दरीवर लटकली होती. तिच्यावर हेलिकॉप्टर स्थिर धरून ठेवणारे हेच, तेव्हा ते सरसावा हवाई तळावरच्या हेलिकॉप्टर युनिटचे प्रमुख होते. आर्मीचे पॅरा कमांडो क्रास्टो दोरीने केबिनवर उतरले आणि प्रवासी एकेक करून वर घेतले गेले. २००७ मध्ये फाली मेजर हवाईदल प्रमुख झाले, हेलिकॉप्टरवाले पहिलेच. त्यांच्यानंतरचे नागपूरचे प्रदीप नाईक पुन्हा फायटरचे. म्हणजे दार उघडं आहे, पण अरुंद.

आर्मीत सगळी एव्हिएशन कोअरच हेलिकॉप्टरवाल्यांची, प्रमुख लेफ्टनंट जनरल. ज्यांच्यासाठी उडायचं त्या पायदळाच्या अडचणी तुम्हाला ऐकून नाही, राहून कळतात. कमांडरला हे फार उपयोगी पडतं असं माझं मत. शिवाय उडणं न सोडता फौजेचा माणूस राहता येतं.

नेव्हीचाही पर्याय आहे, पण हलत्या जहाजाच्या डेकवर उतरायची हौस असेल तरच.

एक गोष्ट तिन्हीकडे सारखी: पायलटची निवडचाचणी आयुष्यात एकदाच देता येते. नापास झालात तर दुसरी संधी नाही, म्हणून झोप पूर्ण करून जा.

ट्रान्सपोर्ट मिळालं तर रडू येईल, असं वाटत असेल तर मी आर्मी वर टाकेन. भाचीने एअर फोर्स पहिलं, आर्मी दुसरं टाकलंय. चिनूकचा फोटो तिच्या कपाटाला चिकटवलेला आहे, तिथे माझं काय चालणार.