दहा महिने ओव्हरक्लॉक केलेली ३०८०: कोअरने साथ दिली, मेमरीने झोप उडवली

सहाव्या महिन्यातली गोष्ट. गेम चालू असताना माझ्या ओव्हरक्लॉक केलेल्या, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवलेल्या, ग्राफिक्स कार्डाचा फ्रेमरेट (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) ९० वरून एकदम ५० च्या खाली घसरला, तिन्ही पंखे पूर्ण वेगाने घोंघावायला लागले आणि अर्ध्या मिनिटाने सगळं पुन्हा जागेवर आलं. दहा मिनिटांनी परत तेच. क्रॅश नाही, स्क्रीनवर ठिपके नाहीत, कुठला एरर नाही, आणि कोअरचं, म्हणजे कार्डाच्या मुख्य चिपचं, तापमान फक्त ७१ अंश. मी आधी ड्रायव्हर बदलला, मग विंडोज नव्याने टाकलं. दोन रविवार त्यात गेले. दोष कार्डावरच्या मेमरीच्या तापमानात होता आणि तो आकडा मी सहा महिन्यांत एकदाही उघडून पाहिला नव्हता.

कार्ड एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०८०, १० जीबी मेमरीचं.  नवीन कार्डावर पैसे घालायचे नव्हते, आहे त्यातूनच जास्तीत जास्त काढायचं, एवढ्यासाठी ओव्हरक्लॉकच्या वाटेला गेलो.

कोअरचं काम सोपं निघालं. आफ्टरबर्नर या कार्डाच्या सेटिंग्ज बदलायच्या सॉफ्टवेअरमध्ये आधी फॅन कर्व्ह (किती तापमानाला पंखे किती वेगाने फिरावेत) आखला, पॉवर लिमिट, म्हणजे कार्डाच्या वीजवापराची मर्यादा, ११० टक्क्यांवर नेलं, म्हणजे ३२० वॉटचे ३५० च्या आसपास झाले. व्होल्टेजच्या स्लायडरला हात लावला नाही आणि तुम्हीही लावू नका, हे कार्ड व्होल्टेजच्या आधी पॉवर लिमिटलाच अडतं. पॉवर सप्लायपासून दोन वेगळ्या केबली आणल्या, एकाच केबलच्या दोन तोंडांवर भागवलं नाही. कोअरचा क्लॉक, म्हणजे चालायचा वेग, १५-१५ मेगाहर्ट्झने वाढवत गेलो, कारण कार्ड स्वतःही त्याच पायऱ्यांनी वरखाली होतं. +१२० ला स्क्रीन काळी झाली आणि ड्रायव्हर पुन्हा सुरू झाला. पहिल्यांदा असं झालं की छातीत धस्स होतं, पण त्यात कार्ड जळत नाही. कार्डाकडून २ सेकंदांत उत्तर आलं नाही तर विंडोज ड्रायव्हर रीसेट करतं, एवढंच.

+१०५ टाइम स्पाय या बेंचमार्कच्या स्ट्रेस टेस्टमध्ये वीसही फेऱ्या पास झालं. तीच सेटिंग नंतर गेमच्या लोडिंग स्क्रीनवर पडली! भार कमी, कार्ड थंड, त्यामुळे बूस्ट, म्हणजे कार्डाने आपणहून वाढवलेला क्लॉक, आणखी वर जातो आणि नेमका तिथे तोल जातो. शेवटी +७५ वर थांबलो. त्यानंतर आजपर्यंत कोअरची एकही तक्रार नाही.

आता मेमरी. या लेखाचा निम्मा भाग तिच्यावरच जाणार आहे, कारण माझा सगळा मनस्ताप या एका स्लायडरमुळे झाला.

या कार्डावरची जीडीडीआर६एक्स प्रकारची मेमरी चुका पकडते. डेटा पाठवताना बिट चुकला तर ते तिला कळतं आणि ती तो डेटा पुन्हा पाठवते. ऐकायला छान वाटतं, पण ओव्हरक्लॉक करणाऱ्यासाठी हा सापळा आहे. जुन्या कार्डांवर मेमरी जास्त ताणली की स्क्रीनवर ठिपके, पट्टे दिसायचे आणि आपण मागे यायचो. इथे काहीच दिसत नाही. मी मेमरीचा क्लॉक +१००० मेगाहर्ट्झपर्यंत नेला आणि काही बिघडलं नाही म्हणून खूश होतो. तीन आठवड्यांनी सहज स्कोअर पडताळले. टाइम स्पायचा ग्राफिक्स स्कोअर मूळ सेटिंगला १७,४०० च्या घरात होता, +५०० ला १८,३००, आणि +१००० ला १७,९००. म्हणजे मेमरी जास्त धावत होती, जास्त तापत होती आणि काम मात्र कमी करत होती, कारण तिचा वेळ चुकलेला डेटा परत पाठवण्यात चालला होता.

म्हणून मेमरीची परीक्षा क्रॅशवर घेऊ नका, स्कोअरवर घ्या. प्रत्येक +१०० ला तीच टेस्ट तीनदा चालवा आणि आकडे वहीत लिहा. आकडा वाढायचा थांबला की दोन पायऱ्या मागे या. आफ्टरबर्नरमध्ये या कार्डाची मेमरी मुळात ९५०१ मेगाहर्ट्झ दिसते. +५०० केलं की दर पिनमागे १९ जीबीपीएसची २० होते, एकूण बँडविड्थ सेकंदाला ७६० जीबीवरून ८०० वर जाते. माझ्या कार्डाला तेवढंच झेपलं.

स्कोअर पाहिल्यावर मी +७०० वर आलो. तेव्हाच +५०० करायला हवं होतं, पण मोह सुटला नाही. सहाव्या महिन्यात एचडब्ल्यूइन्फो हे तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर उघडून ‘मेमरी जंक्शन’ची, म्हणजे मेमरी चिपच्या आतल्या तापमानाची, ओळ शोधली तर तिथे ११० अंश. त्या आकड्याला कार्ड स्वतःच क्लॉक खाली ओढतं आणि पंखे पूर्ण सोडतं. आफ्टरबर्नरच्या नेहमीच्या आलेखात ही ओळ नव्हती, आणि मी कोअरच्या ७१ वर विसंबून निवांत होतो.

सगळ्या सेटिंग्ज मूळ ठेवून पुन्हा मोजलं तरी १०६. म्हणजे सगळा दोष माझ्या स्लायडरचा नव्हता. कार्ड काढून उजेडात धरलं तर बॅकप्लेटच्या (कार्डाच्या मागच्या पत्र्याच्या) कडेने तेलकट डाग पाझरलेला होता. थर्मल पॅड, म्हणजे मेमरीची उष्णता हीटसिंकपर्यंत नेणाऱ्या मऊ पट्ट्या, तेल सोडत होते.

वॉरंटी शिल्लक होती, कार्ड सर्व्हिस सेंटरला दिलं. आठ दिवसांनी फोन आला, "सर, कार्ड एकदम ओके आहे." कसं तपासलं विचारलं तर उघड्या टेबलावर दहा मिनिटं बेंचमार्क. बंद कॅबिनेटमध्ये तासभर चालल्याशिवाय ही मेमरी एवढी तापत नाही, हे त्यांना समजावताना माझा आवाज चढला. कार्ड तसंच परत आलं. मग मी मूळ सेटिंगवर दीड तासाचा लॉग घेतला, दर दोन सेकंदांना एक नोंद. तो आणि तेलाच्या डागाचे फोटो घेऊन पुन्हा गेलो. या वेळी काउंटरवरच्या माणसाने लॉग खाली सरकवत नेला, १०६ वर थांबला आणि काही न बोलता फॉर्म काढला. पॅड आणि पेस्ट दोन्ही बदलून मिळाले. स्वतः पॅड बदलणार असाल तर जाडी अचूक हवी. अर्धा मिलिमीटर जाड पॅड बसला तर हीटसिंक कोअरवर नीट टेकतच नाही आणि एक दुखणं घालवताना दुसरं उभं राहतं.

मेमरी आता ८८ अंशांवर आहे, म्हणजे १०६ वरून १८ अंशांचा फरक. मी ओव्हरक्लॉकिंगमध्ये इतक्या रात्री घालवल्या, पण कार्डाचं सगळ्यात जास्त भलं त्या पॅडनी केलं.

इथून माझं मतही बदललं. पहिले सहा महिने मी कुणालाही पॉवर लिमिट वाढवायलाच सांगत होतो. आता सांगतो, आधी अंडरव्होल्ट करून, म्हणजे कोअरला कमी व्होल्टेज देऊन, बघा. आफ्टरबर्नरमध्ये कंट्रोल-एफ दाबलं की कोणत्या व्होल्टेजला किती क्लॉक याचा कर्व्ह उघडतो. त्यात ८५० मिलिव्होल्टला १८३० मेगाहर्ट्झ बांधले आणि त्यापुढची रेघ सपाट केली. वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत खर्च होते, त्यामुळे थोडंसं व्होल्टेज उतरवलं तरी फरक मोठा पडतो. माझं कार्ड त्याच गेममध्ये ३५० ऐवजी २६५ वॉटच्या आसपास घेतं. फ्रेम तीन-चारने कमी झाल्या. ८५ वॉट जास्त जाळून मला त्या तीन-चार फ्रेम अजिबात नको आहेत, आणि खोलीही आता भट्टीसारखी तापत नाही.

एक चूक मात्र कुणीच करू नये. सेटिंग विंडोजसोबत आपोआप लागू होण्याची खूण पहिल्याच दिवशी करू नका. मी केली होती. सेटिंग अस्थिर निघाली, डेस्कटॉप येताच स्क्रीन जायची, शेवटी सेफ मोडमध्ये जाऊन आफ्टरबर्नर काढावा लागला. निदान आठवडाभर रोज हाताने प्रोफाइल लावा.

सध्या पहिल्या प्रोफाइलमध्ये अंडरव्होल्ट आणि मेमरी +५००, दुसऱ्यात सगळं मूळ. मेमरी जंक्शनचा आकडा गेम खेळताना स्क्रीनच्या कोपऱ्यात कायम दिसतो. ९६ पार झाला की त्या दिवशी मेमरी +३०० वर आणतो आणि सुट्टीच्या दिवशी कॅबिनेटचे फिल्टर धुतो. गेल्या चार महिन्यांत तशी वेळ दोनदा आली, दोन्ही वेळा फिल्टरवर धुळीचा थर होता.