एचएमटी पायलट घड्याळ, आठ महिन्यांनंतर: मशीन झकास, पण तो सेकंद काटा!

जुलैच्या झडीत काचेला आतून वाफ धरली आणि चौथ्या दिवशी घड्याळ बंद. उघडल्यावर चावी द्यायच्या किल्लीचा दांडा गंजून तांबडा झालेला निघाला. म्हणून आठ महिन्यांचा हिशेब आताच मांडतो. पायलट म्हणजे एचएमटीचं चावीचं मनगटी घड्याळ: 17 ज्वेल (चाकांची टोकं ज्यात फिरतात ते खडे), 0231 क्रमांकाचं मशीन, रोजची चावी. नग डिसेंबरात 2,200 ला घेतला, मागणी 2,800 ची होती. वरखर्च आतापर्यंत 950: सर्व्हिसिंग 500, दांडा 150, नवी काच आणि मागचं रबर 300.

आता मुख्य तक्रार. सेकंद काटा आखूड आहे. दीड मिलिमीटर. काट्याचं टोक मिनिटांच्या रेघांना टेकायला हवं, ते अलीकडेच संपतं. विकणाऱ्याच्या फोटोत तो आकड्यांवर आडवा पडलेला होता, त्यामुळे दिसलंच नाही. हसू नका, कारण हा प्रश्न नुसता दिसण्याचा नाही. दुसऱ्या घड्याळाचा काटा बसवताना त्याच्या मागची बारीक नळी मोठी पडली तर ती चिमट्यानं दाबून घट्ट करतात. अशी नळी मशीनच्या टोकावर नीट पकड धरत नाही. बुलेटवरून रंकाळ्याला एक फेरी मारली की काटा पाच-सात सेकंद मागं सरकतो आणि मशीन उगीच बदनाम होतं. जुनं घड्याळ घेताना म्हणूनच फोटो सांगून मागवा: सेकंद काटा बाराच्या रेघेवर, कॅमेरा बरोबर समोर, तिरका नाही. नंतर बाजूनं एक फोटो, तिन्ही काटे एकमेकांना घासत नाहीत ना ते बघायला.

या काट्यामुळं जानेवारीत माझं मत असं झालं होतं की सगळा नगच खिचडी, म्हणजे वेगवेगळ्या घड्याळांचे भाग जोडून केलेला आहे. ते मत आता मागं घेतो. मशीन अस्सल आहे, आणि चांगलं आहे. बॅलन्सजवळ (टिकटिकीबरोबर झुलणारं चाक) 0231 चा ठसा स्वच्छ, स्क्रूंच्या खाचा फाटलेल्या नाहीत. दहा हातांनी उघडलेल्या घड्याळात खाचा कुरतडलेल्या दिसतात, पुलावर, म्हणजे चाकं धरून ठेवणाऱ्या पट्टीवर, पेचकस घसरल्याचे ओरखडे असतात. झाकणाच्या आतल्या बाजूला दोनच दुरुस्त्यांची टोचून लिहिलेली खूण होती. ती खूण कमीपणा समजू नका, उलट घड्याळ सांभाळल्याचा पुरावा असतो. पूर्ण चावी दिल्यावर 41-42 तास चालतं. घेताना एवढा वेळ नसतो, तेव्हा आठ-दहा वेळा चावी फिरवून घड्याळ आधी डायल वर, मग डायल खाली, मग उभं धरून बघायचं. बॅलन्सचा झोका उभं धरल्यावर थोडा कमी होणारच. एकदम मलूल झाला तर तेल वाळलंय किंवा बॅलन्सचा दांडा झिजलाय.

काटे पुढं-मागं करताना फार हलके फिरत असतील तर कॅनन पिनियन, म्हणजे मिनिट काटा ज्यावर बसतो ती नळी, ढिलं आहे. अशा घड्याळात टिकटिक बरोबर, सेकंद काटा बरोबर, तरी मिनिट काटा मागं. बरेच लोक त्यावर वेग वाढवून घेतात. पैसे वाया.

मार्चमध्ये दुसरं मत बदललं. घड्याळ अचानक दिवसाला दहा-बारा मिनिटं पुढं पळायला लागलं आणि दोष सर्व्हिसिंगवर ढकलला होता. चुकलं होतं. इथं कोल्हापुरात, उद्यमनगरच्या कारखान्यांत, सरफेस ग्राइंडरच्या मॅग्नेटिक चकशेजारी (लोखंडी काम धरून ठेवणारं चुंबक) हात गेला की हेअरस्प्रिंगचे, म्हणजे बॅलन्सच्या केसासारख्या बारीक स्प्रिंगचे, वेढे एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग आखूड झाल्यासारखी वागते आणि घड्याळ धावतं. साधं होकायंत्र काचेजवळ धरा. सुई घड्याळाच्या ठोक्याबरोबर थरथरली तर चुंबक लागलंय. डिमॅग्नेटायझरवर (चुंबक उतरवणारं यंत्र) काही सेकंदांचं काम, पन्नास रुपये. (वरच्या हिशेबात धरले नाहीत, ती रक्कम लाजेखातर सोडली.) त्यानंतर दिवसाला वीसेक सेकंद पुढं. या वयाच्या मशीनला लई झालं.

डायलबद्दल थोडक्यात, कारण यावर बहुतेकांना माहिती आहे. पिवळा, पोपटी, नारिंगी पायलट बहुतेक रंगवलेलाच. काळ्यातही रंगवलेले भरपूर. दहापट भिंगाखाली मूळ छपाईची कड सुरीसारखी असते, रंगवलेल्यात अक्षरं फुगतात आणि मिनिटांच्या रेघा कमी-जास्त जाड होतात. तीनची खूण किल्लीच्या बरोबर रेषेत नसेल तर डायलचे मागचे पाय तुटून ते चिकटपट्टीवर बसवलंय. डायलवरचा चमकता रंग अंधारात हिरवागार चकाकत राहिला आणि काट्यांवरचा मेलेला असेल, तर दोघांची जन्मतारीख वेगळी. माझ्या नगावर दोन्ही सारखेच मेलेले आहेत, डायलच्या कडेला बुरशीसारखे तीन ठिपके आहेत. ठिपके राहू दे म्हटलं.

केस पितळेची, वर क्रोम. घाम लागतो तिथं, म्हणजे पट्टा अडकवायच्या कानांच्या मागं, पिवळं दिसणारच. तिथं एकदम चकचकीत दिसलं तर नवा मुलामा आहे. नखानं खड्डे चाचपा, मुलाम्याखाली खड्डे राहतात. कानांच्या कडा साबणासारख्या गोल झाल्या असतील तर पॉलिशवाल्यानं भरपूर पितळ खाल्लंय.

पाणी शिरलं तर तांदळात ठेवू नका. त्याच दिवशी झाकण काढून घ्या. इथं चार दिवस "बघू" म्हणण्यात दीडशेचा दांडा गेला.

बेंगळुरूचा कारखाना 1961 मध्ये सिटिझनच्या साहाय्यानं सुरू झाला, आणि एचएमटी वॉचेस बंद करायचा निर्णय 2016 मध्ये झाला. त्यामुळं सुटे भाग आता बहुतेक दुसऱ्या मेलेल्या घड्याळातूनच येतात. महाद्वार रोडवर एका काट्याचे 300 सांगितले. रविवारी लक्ष्मीपुरीत बंद पडलेलं अख्खं जनता (एचएमटीचंच दुसरं मॉडेल) 350 ला मिळालं: मशीन तेच, दांडा चांगला, बॅलन्स जिवंत. त्याचा सेकंद काटा पायलटच्या टोकावर न दाबता बसला, लांबीही रेघेपर्यंत पोहोचली. पण रुपेरी आहे, आणि पायलटचे बाकी दोन्ही काटे पांढरे. तूर्त आखूड पांढराच ठेवलाय.