फायरफॉक्स ईएसआर: पावसाळाभर वापरल्यानंतर

ऑनलाइन अर्ज अर्ध्यावर आलेला, एखादी माहिती बघायला नवीन टॅब उघडला की समोर एकच पान: ब्राउझर अपडेट झाला आहे, आता रीस्टार्ट करा. जुने टॅब चालतात, नवा एकही उघडत नाही. फायरफॉक्सबद्दल सांगण्यासारखं पुष्कळ चांगलं आहे, पण या एका पानाचा त्रास इतका आहे की या लेखाचा निम्मा भाग त्यालाच द्यावा लागणार. ब्राउझर बदलायची गरज नाही, फायरफॉक्सचीच ईएसआर (एक्स्टेंडेड सपोर्ट रिलीज, म्हणजे मोठे बदल क्वचित येणारी आवृत्ती) घ्यायची. अपडेट थांबवायचं नाही, मात्र ते लागण्याची वेळ आपल्या हातात घ्यायची.

आधी कारण बघू. फायरफॉक्सची सगळी पानं एकाच प्रोसेसमध्ये (चालू असलेल्या प्रोग्रॅममध्ये) चालत नाहीत. नवीन टॅब लागला की बऱ्याचदा डिस्कवरच्या फाइलींमधून नवी प्रोसेस सुरू होते. मधल्या काळात त्या फाइली बदललेल्या असतील, तर मेमरीत जुनी आवृत्ती आणि डिस्कवर नवी असा प्रकार होतो. दोघांचे बिल्ड क्रमांक जुळत नाहीत आणि फायरफॉक्स पुढे जायला नकार देतो. न जुळणारे दोन भाग एकत्र चालवण्यापेक्षा थांबणं बरोबर आहे, यात वाद नाही. आक्षेप आहे तो फाइली गुपचूप बदलण्याला. लिनक्सवर हे जास्त होतं, कारण तिथे पॅकेज मॅनेजर (प्रोग्रॅम बसवणारं आणि अपडेट करणारं साधन) ब्राउझर उघडा आहे की बंद हे न बघता फाइली बदलतो. लिनक्स मिंट किंवा डेबियनवर आपोआप अपडेट चालू ठेवलेल्यांना हे पान ओळखीचं असेल.

रीस्टार्ट केल्यावर टॅब परत येतात हे खरं. पण प्रायव्हेट विंडो येत नाही, आणि पैसे भरताना ओटीपी टाकल्यानंतरचं पान परत आलं तरी पलीकडचं सत्र संपलेलं असतं. वीजबिल भरताना किंवा जमिनीचा फॉर्म १ व १४ (गोव्यातला जमिनीचा उतारा) काढताना हे झालं, तर रक्कम खात्यातून गेली की नाही हे बघत बसावं लागतं.

सुरुवातीच्या महिन्यांत मत होतं की अपडेट सरळ बंद करून टाकावं. मोबाइल हॉटस्पॉटवर काम चालवणाऱ्याला दर चार आठवड्यांची नवी आवृत्ती ही डेटाची उधळपट्टी वाटते. ते मत आता राहिलं नाही, आणि त्याला कारण सर्टिफिकेट. ॲड-ऑनच्या (ब्राउझरला जोडायच्या छोट्या साधनांच्या) डिजिटल सह्या तपासायला फायरफॉक्स जे मूळ सर्टिफिकेट वापरतो, त्याला मुदत असते. ४ मे २०१९ ला असंच एक मधलं सर्टिफिकेट संपलं आणि जगभरातल्या लोकांची ॲड-ऑन एका रात्रीत बंद पडली, दुरुस्ती ६६.०.४ या आवृत्तीत आली. १४ मार्च २०२५ ला मूळ सर्टिफिकेटच संपलं. १२८ च्या आधीची साधी आवृत्ती किंवा ११५.१३ च्या आधीची ईएसआर चालवणाऱ्यांना ॲड-ऑन आणि डीआरएम (नक्कल रोखणारं कुलूप) असलेले व्हिडिओ बंद पडण्याचा इशारा आधीच दिलेला होता. म्हणजे काहीही न बदलता नुसतं जुन्यावर बसून राहिलं, तरी ठरलेल्या तारखेला जाहिराती अडवणारं ॲड-ऑन जाऊ शकतं. सुरक्षेच्या भोकांचा मुद्दा तर आहेच. डेटा वाचवायला अपडेट थांबवायचं आणि मग जाहिरातींनी तोच डेटा खायचा, हा हिशेब बसत नाही.

म्हणून ईएसआर. साध्या आवृत्तीत दर चार आठवड्यांनी नवीन बटणं आणि नवीन मांडणी येऊ शकते. ईएसआरमध्ये मोठा बदल साधारण वर्षातून एकदा येतो: ११५ जुलै २०२३ मध्ये, १२८ जुलै २०२४ मध्ये, १४० जून २०२५ मध्ये. मधल्या काळात फक्त सुरक्षेच्या आणि स्थैर्याच्या दुरुस्त्या. पण लक्षात घ्या, या दुरुस्त्याही साधारण चार आठवड्यांनीच येतात. त्यामुळे नुसतं ईएसआर घेतल्याने रीस्टार्टचं पान जात नाही. त्यासाठी पुढचं काम करावं लागतं.

विंडोजवर सेटिंग्ज, जनरल, फायरफॉक्स अपडेट्स इथे ‘अपडेट शोधा पण बसवायचं मला ठरवू द्या’ असा पर्याय आहे. तो निवडला तर वरच्या कोपऱ्यातून आठवण करून देणारी खिडकी पुनःपुन्हा डोकावते. त्याहून चांगला उपाय पॉलिसीचा, म्हणजे ब्राउझरने कसं वागावं हे एका छोट्या फाइलीत लिहून ठेवण्याचा. नावं सगळी इंग्रजी अक्षरांत. प्रोग्रॅम फाइल्समधल्या मोझिला फायरफॉक्स फोल्डरमध्ये ‘डिस्ट्रिब्यूशन’ नावाचा फोल्डर करा, त्यात ‘पॉलिसीज डॉट जेसॉन’ ही फाइल. आत महिरपी कंसात ‘पॉलिसीज’ (सगळी अक्षरं लहान), पुढे कोलन, मग आतल्या महिरपी कंसात ‘मॅन्युअल ॲप अपडेट ओन्ली’ (चारही शब्द जोडून, प्रत्येकाचं पहिलं अक्षर कॅपिटल), पुढे कोलन आणि ‘ट्रू’. दोन्ही नावं सरळ दुहेरी अवतरण चिन्हांत. यानंतर ब्राउझर स्वतःहून अपडेट शोधत नाही, आठवणही करत नाही. मदत मेनूतून ‘अबाउट फायरफॉक्स’ उघडलं की तेव्हाच शोधतो. ‘डिसेबल ॲप अपडेट’ नावाची दुसरी पॉलिसी आहे, ती वापरू नका. तिने हा हाताने अपडेट करायचा रस्ताही बंद होतो.

हे फसतं ते बहुतेक तीन ठिकाणी. नोटपॅड फाइलच्या शेवटी गुपचूप ‘डॉट टीएक्सटी’ लावतो. वर्डमधून चिकटवलेली वळणदार अवतरण चिन्हं चालत नाहीत. आणि प्रोग्रॅम फाइल्समध्ये लिहायला ॲडमिनची परवानगी लागते. तपासायला पत्त्याच्या जागी ‘अबाउट:पॉलिसीज’ टाका. चूक असेल तर तिथे दिसते. सेटिंग्जमध्ये ‘हा ब्राउझर तुमच्या संस्थेकडून नियंत्रित आहे’ असं वाक्य दिसायला लागेल. ती संस्था म्हणजे तुमचीच फाइल, घाबरू नका. डेबियनवर ‘सुडो एपीटी-मार्क होल्ड फायरफॉक्स-ईएसआर’ आणि अपडेटच्या दिवशी ‘अनहोल्ड’. मात्र महिन्यातून एक दिवस ठरवून अपडेट केलंच पाहिजे. नवी आवृत्ती बहुधा मंगळवारी येते. चार-पाच दिवस थांबून शनिवारी, घरच्या ब्रॉडबँडवर, सगळी कामं संपल्यावर करावं. तोवर काही मोठी गडबड असली तर तीही बाहेर आलेली असते.

आधी प्रोफाइलची (बुकमार्क, पासवर्ड, सेटिंग्ज असलेल्या फोल्डरची) नक्कल काढा. ‘अबाउट:सपोर्ट’ मधून प्रोफाइल फोल्डर उघडा, फायरफॉक्स पूर्ण बंद करा आणि अख्खा फोल्डर पेन ड्राइव्हवर. हे टाळू नका, कारण मागे येण्याचा रस्ता सोपा नाही. आवृत्ती ६७ पासून नव्या आवृत्तीने वापरलेली प्रोफाइल जुनी आवृत्ती उघडत नाही, नवीन रिकामी प्रोफाइल करायला सांगते. साध्या फायरफॉक्सवरून ईएसआरवर येतानाही हेच आडवं येतं. त्यासाठी कंट्रोल-शिफ्ट-ओ दाबून बुकमार्कचा बॅकअप घ्या आणि ‘अबाउट:लॉगिन्स’ मधून पासवर्ड निर्यात करा. पासवर्डची ती फाइल साध्या मजकुरात असते, आयात झाली की लगेच पुसा.

आता विजेचं. गोव्यात जून ते सप्टेंबर माडाचं चुडत तारेवर पडलं की वीज गेली, आणि यूपीएस नसलेल्या डेस्कटॉपवर फायरफॉक्स मध्येच मरतो. इथे त्याचं खरं कौतुक करायला हवं. उघडे टॅब तो दर १५ सेकंदांनी डिस्कवर लिहून ठेवतो. वीज आल्यावर टॅब आले नाहीत तर आधी हिस्टरी मेनूतलं ‘मागचं सत्र परत आणा’ बघा. ते करड्या रंगात दिसत असेल तर फायरफॉक्स लगेच बंद करा, कारण चालू ठेवलात तर जुन्या नोंदींवर नव्या लिहिल्या जातात. प्रोफाइलमध्ये ‘सेशनस्टोअर-बॅकअप्स’ फोल्डर असतो. त्यात ‘रिकव्हरी’ नावाच्या दोन फाइली, ‘प्रीव्हियस’ नावाची एक आणि ‘अपग्रेड’ नावाच्या काही. या अपग्रेडच्या फाइली अपडेटच्या वेळी त्या क्षणाचे टॅब जपून ठेवतात, म्हणजे अपडेटमध्ये टॅब हरवले तरी त्या कामी येतात. आधी पूर्ण फोल्डर दुसरीकडे उतरवा. मग हवी ती फाइल प्रोफाइलच्या मुख्य फोल्डरमध्ये ठेवून तिचं नाव ‘सेशनस्टोअर डॉट जेसॉनएलझेड४’ करा (त्या नावाची आधीची असेल तर बाजूला काढून) आणि फायरफॉक्स सुरू करा.

बाकीचे त्रास किरकोळ, एकदा बसून संपवण्यासारखे. नोटिफिकेशन विचारणाऱ्या वर्तमानपत्रांच्या साइटी: सेटिंग्ज, प्रायव्हसी, परमिशन्स, नोटिफिकेशन्समध्ये नवीन विनंत्या अडवा. आपोआप वाजणारे व्हिडिओ: तिथेच ऑटोप्लेमध्ये आवाज आणि चित्र दोन्ही अडवा, डेटा लगेच वाचतो. १३६६ बाय ७६८ च्या लॅपटॉपवर जाड टॅबपट्टी खटकते. ती जून २०२१ च्या ८९ व्या आवृत्तीपासूनची. ‘अबाउट:कॉन्फिग’ मध्ये ‘ब्राउझर डॉट कॉम्पॅक्टमोड डॉट शो’ हे ट्रू केलं की कस्टमाइझच्या डेन्सिटीत कॉम्पॅक्ट परत मिळतं. जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन हे ॲड-ऑन पूर्ण रूपात इथे चालतं. क्रोमने मॅनिफेस्टची दुसरी आवृत्ती (ॲड-ऑन बनवायची जुनी पद्धत) बंद केल्यावर तिथे त्याचं लाइट रूपच उरलं.

विंडोज ७ वाल्यांसाठी: क्रोमची शेवटची आवृत्ती १०९, तिचा नाद सोडा. फायरफॉक्सची ईएसआर ११५ ही तिथली शेवटची, आणि तिची मुदत एकापेक्षा जास्त वेळा वाढवली गेली. ११५ मधल्या ताज्या क्रमांकावर या, आणि त्या मशीनवरून बँकेचे व्यवहार करू नका.