कोरल ब्यूटी एंजल: भुसावळचा उन्हाळा काढल्यानंतर

आधी निकाल सांगतो. कोरल ब्यूटी हा छोटा समुद्री एंजल मासा (ड्वार्फ एंजल). मऊ कोरलच्या टाकीत तो खुशाल ठेवा, पण दुकानदाराच्या 'रीफ सेफ' (म्हणजे कोरलला त्रास न देणारा) या शब्दावर डोळे झाकून विसंबू नका. माझा मासा थंडीत आला, उन्हाळा निभावला आणि आता पावसाळ्यातही ठणठणीत आहे.

कठीण कोरल आपल्याकडे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 खाली संरक्षित आहेत, त्यामुळे माझ्याकडे फक्त लेदर, मशरूम आणि झोअँथिड हे मऊ प्रकार. खडकही सिरॅमिकचे. हा मासा दिवसभर त्या खडकांवरचं शेवाळ आणि गाळ टोचत फिरतो, म्हणून टाकी मुरलेली, म्हणजे शेवाळ धरलेली जुनी हवी. कोऱ्या टाकीत त्याला चरायला काही नसतं, मग तो कोरलकडेच वळणार.

लेदर, मशरूमकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. झोअँथिडचं मात्र वेगळं. जवळ यायचा, अंग तिरकं करून एका डोळ्याने न्याहाळायचा आणि एकच चिमटा. लगेच आजूबाजूची सगळी तोंडं मिटायची. सकाळी नोरीचा (वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा) तुकडा चिमट्याला लावून आणि दिवसातून दोन-तीनदा मायसिस (बारीक कोळंबीसारखे जीव), स्पिरुलिना शेवाळ देऊन टोचणं बरंच कमी झालं. थांबलं नाही, जित्याची खोड! झोअँथिड दुसऱ्या टाकीत हलवले.

खरी परीक्षा मे महिन्याची. बाहेर पारा 45 च्या वर आणि टाकी ठेवायची 26 अंशांच्या आसपास. आपली हवा कोरडी, त्यामुळे पाण्यावर पंखा सोडला की दोन-तीन अंश उतरतात. पण पाणी भराभर उडतं, मीठ मात्र मागेच राहतं. तूट रोज आरओच्या गोड्या पाण्याने भरायची, मिठाच्या नाही. पावसाळ्यातल्या दमट हवेत पंखा फारसा कामाचा नाही, आणि ऐन मेमध्येही तो एकटा पुरत नाही. चिलर, म्हणजे पाणी थंड करायचं यंत्र, घ्यावाच लागतो. त्याची किंमत ऐकून शेजारी म्हणाला, "भो, एवढ्यात घराला एसी बसला असता!"

लाइट गेल्यावर माझ्या इन्व्हर्टरवर चिलर चालत नाही, वेव्हमेकर (पाणी हलतं ठेवणारा पंप) चालतो. तो आधी सुरू ठेवा. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो.

नवा मासा वेगळ्या टाकीत काही आठवडे ठेवून, सगळ्यात शेवटी मुख्य टाकीत सोडा. परजीवींवरचं तांब्याचं औषध ड्वार्फ एंजलना सहज सोसत नाही, आणि कोरलच्या टाकीत तर ते थेंबभरही नको.

मला फ्लेम एंजल या दुसऱ्या ड्वार्फ एंजलचाही मोह आहे. पण माझ्या टाकीत दोन ड्वार्फ एंजल म्हणजे मारामारी ठरलेली, तेव्हा सध्या हा एकच.